पाच रुपयांचं केळं आणि पाच रुपयांचा पुडा

प्रश्न असा आहे: "आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई मुलाला रोज पाच रुपयांचा वेफर्सचा पुडा घेऊन देतात. तेवढ्याच पैशांत केळं येतं, हे मी त्यांना कितीदा तरी सांगितलं, पण फरक पडत नाही. मग हा पैशांचा प्रश्न आहे की सवयीचा? घरातल्या उत्पन्नावर फळं-भाज्या खाणं खरंच किती अवलंबून असतं?"

मी आहारतज्ज्ञ आहे. या कामाला बावीस वर्षं झाली. सुरुवातीची काही वर्षं सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत बसले, नंतर शहरातल्या वस्त्यांमध्ये आणि गळीत हंगामात ऊसतोड कामगारांच्या तळांवर काम केलं. तुम्ही ताईंना सांगता तेच मी पहिली काही वर्षं आयांना सांगत होते, आणि तेही थोड्या रागावलेल्या आवाजात. त्या मान डोलवायच्या आणि जायच्या. चूक माझी होती. कशी, ते सांगते.

आपण भाजीला 'तोंडी लावणं' म्हणतो. कमी पैशांच्या घरात हा शब्द अगदी शब्दशः खरा असतो. पोट भरतं ते भाकरीनं किंवा भातानं. भाजीचं काम काय, तर ती भाकरी घशाखाली उतरवणं. त्यासाठी भाजी झणझणीत हवी, तिला रस्सा हवा आणि ती सगळ्यांना पुरायला हवी. अर्धा किलो बटाटे, दोन कांदे, चमचाभर कांदा-लसूण मसाला, वर तांब्याभर पाणी, की सहा माणसांचं जेवण होतं. वीस रुपयांची मेथीची जुडी घेतली तर निम्मी देठांत जाते आणि उरलेली कढईत पडल्यावर मूठभर होते. मेथी चांगली हे त्या बाईला माझ्याइतकंच माहीत असतं. पण तिच्यापुढचा प्रश्न 'पुरेल का' हा असतो, आणि त्याचं उत्तर माझ्या आहाराच्या तक्त्यात नव्हतं.

मी हा हिशेब एकदा कागदावर मांडला. भाव इकडेतिकडे होतात, तरी अंदाज येतो. चाळीस-पंचेचाळीस रुपये किलोची ज्वारी घेतली तर एका रुपयात सत्तरच्या पुढे कॅलरी मिळतात, साखरेत नव्वदच्या आसपास, तेलात साठ-सत्तर. चाळीस रुपये किलोच्या टोमॅटोत पाच. मेथीत तीन-चार. दीडशे रुपये किलोच्या सफरचंदातही तीन-चारच. दिवसभर विटा वाहणाऱ्या माणसाच्या घरात हातातल्या शंभर रुपयांनी आधी भूक भागवायची असते, मग ते ज्वारी, तेल आणि साखरेकडे वळतात. त्या घरातला हिशेब अगदी चोख असतो.

आता तुमच्या केळ्याकडे येते, कारण इथे हा हिशेब मला अडवत नाही. पाच रुपयांच्या केळ्यात ऐंशी-नव्वद कॅलरी असतात आणि दहा-बारा ग्रॅमच्या वेफर्सच्या पुड्यात साठेक. म्हणजे पैशांच्या हिशेबातसुद्धा केळंच जिंकतं. (ग्लुकोज बिस्किटांचा पाचाचा पुडा मात्र सव्वादोनशेच्या घरात जातो. म्हणून मजुराच्या सकाळच्या चहाबरोबर बिस्किटं असतात, केळं नसतं.) मग पुडा का?

वस्तीतल्या कुठल्याही टपरीवर जाऊन उभं राहा. पुड्यांच्या माळा लहान मुलाच्या नजरेच्या उंचीवर टांगलेल्या असतात. केळीवाला असतो हमरस्त्यावर, तो डझनानं किंवा अर्ध्या डझनानं देतो, सुटं एक मागितलं की तोंड वाकडं करतो. पुड्याची किंमत वर्षानुवर्षं पाचच राहते, वजन घटतं पण आकडा बदलत नाही. केळ्याचा भाव आज चाळीस तर श्रावणात सत्तर. पुडा नासत नाही. केळी दुसऱ्या दिवशी पत्र्याच्या खोलीच्या उकाड्यात काळी पडतात, आणि घेतलेली वस्तू टाकून देणं त्या घराला परवडतच नाही. शिवाय 'केळ्यानं सर्दी होते' हे सासूबाईंचं मत असतंच.

आणखी एक गोष्ट आहे, ती मला एका आईनं सांगितली. तिचा मुलगा सात वर्षांचा होता, वजन कमी, हिमोग्लोबिन आठ. मी तिला पुड्यावरून बोलले. ती म्हणाली, "मॅडम, दिवसभर मी त्याला नाहीच म्हणते. बूट नाही, सहल नाही, सायकल नाही. पाच रुपयांना तरी हो म्हणू द्या." त्यानंतर मी पुड्यावरून कुणाला रागावले नाही. पुडा चांगला आहे असं माझं मत झालं नाही. पण त्या पुड्यात तेल आणि मिठाखेरीज काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं.

हे झालं एका घरापुरतं. देशाचे आकडेही पाहू, कारण त्यांत एक गोष्ट अगदी स्पष्ट दिसते. २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात दर माणशी महिन्याचा सरासरी खर्च ३,७७३ रुपये होता आणि शहरी भारतात ६,४५९ रुपये. त्यातला भाज्यांचा वाटा खेड्यात ५.३८ टक्के आणि शहरात ३.८० टक्के. फळांचा, सुका मेवा धरून, खेड्यात ३.७१ आणि शहरात ३.८१ टक्के. रुपयांत मांडलं की चित्र उघडतं. भाजीवर खेड्यातला माणूस महिन्याला साधारण २०३ रुपये खर्च करतो आणि शहरातला २४५. फारसा फरक नाही. फळांवर मात्र खेड्यात १४० आणि शहरात २४६. म्हणजे एकूण खर्च सत्तर टक्क्यांनी वाढतो तेव्हा भाजीवरचा खर्च जेमतेम वीस टक्क्यांनी वाढतो आणि फळांवरचा पंचाहत्तर टक्क्यांनी. भाजी गरिबाच्या घरातही रोज शिजते, मग ती बटाटा असो नाहीतर वांगं. फळ मात्र पैसे आले की येतं आणि गेले की जातं. एखाद्या घराच्या मिळकतीचा अंदाज मला त्यांच्या भाजीवरून क्वचित लागतो, फळांवरून बहुतेक वेळा लागतो.

आणि ही सरासरी आहे. त्याच सर्वेक्षणात ग्रामीण भागातल्या सर्वांत खालच्या पाच टक्क्यांचा दर माणशी खर्च होता १,३७३ रुपये. त्यात अन्न, कपडे, औषध, प्रवास सगळंच आलं.

याच्या शेजारी शिफारस ठेवून बघा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. पाच माणसांच्या घरासाठी रोज दोन किलो भाजी आणि अर्धा किलो फळं. भाजी सरासरी साठ रुपये आणि फळं ऐंशी रुपये किलोनं धरली तर दिवसाला १६० आणि महिन्याला ४,८०० रुपये होतात. पंधरा हजारांत भाडं, रॉकेल-गॅस, शाळा आणि कर्जाचा हप्ता भागवणाऱ्या घराच्या मिळकतीचा हा जवळजवळ तिसरा हिस्सा. हे आपल्यापुरतंच नाही. १८ देशांतल्या माणसांची पाहणी करून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'प्युअर' अभ्यासात असं दिसलं की, एका माणसाला दिवसाला फळांचे दोन आणि भाज्यांचे तीन वाटे द्यायचे तर गरीब देशांत घरच्या उत्पन्नाचा सुमारे ५२ टक्के भाग लागतो आणि श्रीमंत देशांत दोन टक्क्यांहून कमी. मी ओपीडीत 'रोज दोन फळं खा' असं लिहून देत होते, तेव्हा समोरच्या बाईच्या कानावर काय पडत असेल, याचा विचार मी केला नव्हता.

पण उत्पन्न म्हणजे महिन्याचा आकडा एवढंच नाही. तो पैसा कसा येतो, याचा परिणाम मला जास्त मोठा वाटतो. नाक्यावर उभं राहणाऱ्या मजुराला काम मिळालं त्या दिवशी पैसे मिळतात. त्याचं घर रोजच्या रोज, वीस-तीस रुपयांच्या वाट्यांनी भाजी घेतं. पाव किलोचा भाव किलोच्या भावापेक्षा चढा असतो, म्हणजे कमी पैसेवाल्याला तीच भाजी महाग पडते. ज्यांच्याकडे पगार महिन्याला येतो, पण वीस तारखेला संपतो, त्यांच्या ताटात पहिल्या आठवड्यात पालेभाजी, काकडी, क्वचित पपई दिसते. शेवटच्या आठवड्यात डाळ, बेसन, ठेचा. मी पूर्वी 'काल काय खाल्लं' एवढंच विचारायचे. आता आधी तारीख बघते.

ऊसतोडीच्या तळावर हे आणखी उघडं दिसतं. बीडकडून, नगरकडून आलेली जोडपी हंगामाआधीच मुकादमाकडून उचल घेऊन बसलेली असतात, म्हणजे कमाई आधीच खर्च झालेली असते. हंगामात हातात रोख येते ती उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, चाऱ्यासाठी विकून. त्या पैशांवर आठवड्याचा बाजार होतो. बाजारातून काय येतं? बटाटे, कांदे, वाळल्या मिरच्या, थोडे टोमॅटो. कोपीत, म्हणजे तळावरच्या खोपटात, पालेभाजी टिकत नाही आणि पहाटे चारला फडात जायचं असताना ती निवडत बसायला वेळही नाही. चोहीकडे हिरवंगार शेत असतं आणि ताटात भाकरी-चटणी. हे चित्र मी बारा-तेरा हंगाम पाहिलं. अजूनही सवय झालेली नाही, आणि व्हायलाही नको.

फळांबद्दल आणखी एक गोष्ट सांगते, ती सहसा आकड्यांत दिसत नाही. गरीब घरात फळ हे औषध असतं. कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या फाटकाबाहेर बघा, सफरचंद, मोसंबी, शहाळी यांच्या गाड्या लागलेल्या असतात. वर्षभर फळ न आणणारं घर माणूस आजारी पडला की आठवड्यात पाचशे-सातशे रुपये फळांवर घालतं. डेंग्यूच्या साथीत तर मी उसने पैसे काढून चाळीस-चाळीस रुपयांचं एकेक किवी आणणारी माणसं पाहिली आहेत. किवीनं प्लेटलेट वाढतात याला भक्कम आधार नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. म्हणजे पैसा अजिबातच नसतो असं नाही. तो चुकीच्या वेळी, भीतीपोटी आणि सगळ्यांत महाग फळावर जातो. 'क' जीवनसत्त्वासाठी सफरचंद हे तर अगदीच दुबळं फळ. शंभर ग्रॅम पेरूत ते दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, सफरचंदात पाचसुद्धा नाही. तरी आजाऱ्याला भेटायला जाताना पेरू नेला तर लोक काय म्हणतील? सफरचंदाला मान आहे, पेरू-बोरांना नाही. हा मान पैशातून येतो, आणि तो मोडायला मला रक्ततपासणीचा कागद समजावण्यापेक्षा जास्त मेहनत घ्यावी लागली.

आता वरच्या पायरीकडे. पैसे वाढले की ताट आपोआप सुधारतं का? काही अंशी हो. १९४१ मध्ये बेनेट नावाच्या अर्थतज्ज्ञानं मांडलं होतं की, उत्पन्न वाढेल तसा अन्नातला धान्य-कंदांचा वाटा घटत जातो. आपल्याकडेही तसंच होतं आहे. पण घटलेल्या धान्याच्या जागी काय येतं ते बघा. त्याच २०२२-२३ च्या सर्वेक्षणात पेयं, प्रक्रिया केलेले पदार्थ आणि बाहेरचं तयार खाणं यांवरचा खर्च खेड्यात ९.६२ टक्के आणि शहरात १०.६४ टक्के होता. म्हणजे दोन्हीकडे फळं आणि भाज्या यांच्या एकत्र खर्चापेक्षा जास्त. माझ्याकडे येणाऱ्या दोन पगारांच्या घरांत फळांची टोपली भरलेली असते, पण पालेभाजी आठवड्यातून एकदा. कारण मेथी निवडायला, गवार मोडायला, पावटे सोलायला कुणी नाही. तिथे टंचाई वेळेची असते. फ्लॉवर-बटाटा, कोबी, भेंडी, पुन्हा फ्लॉवर-बटाटा.

कधी कधी पैसा येतो आणि भाजी जाते. अकोले, जव्हार, मोखाड्याच्या आदिवासी पट्ट्यात पावसाळ्यात रोख पैसा जवळजवळ नसतो, पण बांधावर आणि रानात टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळं, कर्टोली, फोडशी असते. जून ते ऑगस्ट तिथल्या ताटात मुंबईच्या फ्लॅटपेक्षा जास्त प्रकारच्या भाज्या असतात. त्याच घरातला मुलगा कंपनीत लागला की आईला म्हणतो, "टाकळा नको, लोक हसतात. बटाटे आण." आता ऑगस्टमध्ये कृषी विभाग रानभाजी महोत्सव भरवतो आणि शहरातले लोक रानभाजीची जुडी हौसेनं घेतात. चांगलंच आहे. मात्र जुडीला भाव आला की घरात खायची ती बाजारात जाते, हेही मी पाहिलं आहे.

घरातल्या घरात वाटणी कशी होते, हा एक वेगळाच मोठा विषय आहे. इथे एवढंच सांगते की, एक सफरचंद चिरलं तर फोडी कामावर जाणाऱ्याला, मुलग्याला, मग मुलीला, आणि बियांचा मधला भाग आईला. हे मी झोपडीत पाहिलं आणि बंगल्यातही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय निघाला. गरिबी हे त्याचं एक कारण आहे, एकमेव नव्हे.

सरकारकडून काय होतं? रेशनवर प्राधान्य कुटुंबांना माणशी पाच किलो धान्य फुकट मिळतं. ते हवंच, त्यामुळे पोट भरतं आणि थोडी रोकड सुटते. पण सुटलेल्या रोकडीची भाजीच येईल याची खात्री नाही. राज्यात सणासुदीला आनंदाचा शिधा मिळाला, त्यात रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल होतं, भाजी-फळाचा पैसाही नव्हता. मुलांपुरतं बोलायचं तर मला सगळ्यांत जास्त भरवसा शाळेतल्या जेवणाचा वाटतो. तिथल्या नियमानुसार पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला ५० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला ७५ ग्रॅम भाजी मिळायला हवी. ज्या शाळेत परसबाग मनापासून केलेली असते, तिथे मुलं स्वतः लावलेला पालक खातात. घरी न खाणारी मुलंसुद्धा. लहानपणी चव ओळखीची झाली की पुढे पैसे हातात आल्यावर माणूस ती भाजी विकत घेतो. चव ओळखीची नसेल तर पगार वाढूनही घेत नाही. तुमच्या 'पैसे की सवय' या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडतं. नवी भाजी मुलाला आवडायला ती आठ-दहा वेळा पुढ्यात यावी लागते. आठ वेळा ताटात टाकून दिली तरी नवव्यांदा करायची, हे ज्या घराला परवडतं तिथेच ती सवय लागते. आजची सवय म्हणजे कालच्या पैशांचा प्रश्न आहे.

मग मी आता काय सांगते? आधी विचारते. पैसे कधी येतात, बाजारात कोण जातं, स्वयंपाक चुलीवर की गॅसवर, परतायला किती वाजतात. मग त्या घराच्या 'पुरेल का'ला धरून बोलते. पालेभाजी वेगळी न करता डाळीत घाला, म्हणजे जुडीभर पाला सहा जणांना पुरतो. सोलापूरकडचं गरगट्टं हे माझं फार आवडतं उदाहरण आहे: दोन-तीन पालेभाज्या, मूठभर डाळ, शेंगदाणे, सगळं घोटून एकत्र. मुळ्याचा आणि फ्लॉवरचा कोवळा पाला टाकू नका. दारात जागा असेल तर शेवगा लावा, त्याला पाणीही फार लागत नाही. डाळीवर अर्धं लिंबू पिळा, त्यानं पाल्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. बाजार उठताना जा, भाव निम्म्यावर आलेला असतो. फळ हंगामाचंच घ्या: थंडीत पेरू, बोरं, आवळा, उन्हाळ्यात कलिंगड, पावसाच्या तोंडाशी जांभळं. भोगीच्या सुमाराला तर मी खास जोर लावते. गाजर, वांगी, पावटे, हरभऱ्याचे सोलाणे सगळंच तेव्हा स्वस्त असतं, आणि सणामुळे मिसळीची भाजी प्रत्येक घरात एकदा होतेच. ती महिनाभर दर आठवड्याला करा म्हटलं तर कुणी नाही म्हणत नाही, कारण ती आपली वाटते.

तुमच्या ताईंबद्दल. केळ्याचं पुन्हा सांगू नका, ते त्यांना पाठ झालं असेल. त्यांचा पगार महिन्यातून एकदा देत असाल, तर दोनदा हवा का ते विचारा, एक तारखेला आणि सोळा तारखेला. माझ्याकडच्या काही बायकांनी हे मालकिणींकडून मागून घेतलं आणि त्यांच्या घरचा शेवटचा आठवडा बदललेला मी पाहिला. आणि तुम्ही घरासाठी केळी-पेरू आणाल तेव्हा त्यांच्या मुलासाठी दोन वेगळे घ्या. फ्रिजमध्ये राहून डागाळलेले नकोत, आजच आणलेले, चांगले. पिशवीत घालून त्याच्या नावानं द्या. आईनं दुकानातून आणलेल्या पुड्यासारखंच ते त्याच्या एकट्याचं असू द्या.